चाळीस टक्के खरं

नगरपालिकेच्या बत्तीसपैकी तीस जागा आमच्या पक्षाने घालवल्या आणि उरलेल्या दोन जागांचा विजय म्हणून कार्यालयाच्या जिन्यात दिव्यांची माळ लावली. त्या दोनांतली एक बिनविरोध होती. दुसरीत समोरचा उमेदवार ऐन मतदानाच्या आठवड्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन आडवा पडला होता. जिल्हाप्रमुख म्हणाले, "तूर्तास हा कौल संमिश्र आहे असं समजू या."

जिल्हाप्रमुखांना आम्ही पाठीमागे 'तूर्तास' म्हणतो. त्यांचं कुठलंही वाक्य तिथूनच सुरू होतं आणि सहसा तिथेच संपतं. आम्ही म्हणजे मी आणि काका. मी कार्यालयाची कारकून, बावीस वर्षं. काका माझ्या आधीपासून आहेत. नेमके कधीपासून, ते पक्षालाही सांगता येणार नाही. बुटांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, एक टेबल, एक टाइपरायटर, त्याच्यावर झाकण म्हणून ठेवलेला कम्प्युटर, आणि खालून सदैव येणारा नव्या चामड्याचा वास. हल्ली तो वासही कमी झाला होता. खाली बूट घ्यायला कोण येतंय?

गावात काय झालं होतं ते आधी सांगते. काचेच्या बाटल्यांचा कारखाना बंद पडला. मग त्या बाटल्यांची खोकी बनवणारा बंद पडला. मग खोक्यांवरची लेबलं छापणारा. मग या तिघांना जेवण पुरवणारी खानावळ. सगळं कसं रांगेत, शिस्तीत. त्यावर पक्षाचं परिपत्रक आलं की 'मंदी' हा शब्द कोणीही वापरू नये. अर्थव्यवस्थेने विसावा घेतला आहे, असं म्हणावं.

त्या विसाव्यात माझा नवराही होता. सव्वीस वर्षं भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस सात महिन्यांपूर्वी घरी येऊन बसला आणि हळूहळू बोलायचाच थांबला. रुसला नव्हता, भांडत नव्हता. नुसता गप्प. दाढीही करेना. घरातलं काम मात्र सगळं करायचा. कपड्यांना इस्त्री तर अशी, की टॉवेललासुद्धा धार यायची. घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललं होतं, म्हणजे ज्या पक्षाच्या राज्यात त्याला घरी बसावं लागलं त्याच पक्षाच्या. हे आम्ही दोघंही उच्चारत नव्हतो.

पराभवानंतर पंधरा दिवसांनी मुख्यालयाचा आदेश आला. मतदार नाराज का आहे, ते घरोघरी जाऊन विचारा. आठ दिवसांत दोन हजार फॉर्म. प्रत्येकात बारा प्रश्न, शेवटचा 'पक्षाकडून आपली अपेक्षा', त्याला एक ओळ.

आता आमची पद्धत. बावीस वर्षांत असे सर्व्हे नऊ झाले आणि एकदाही आम्ही कोणाच्या घरी गेलो नाही. माणसं दोन, घरं दोन हजार, जाणार कसे? मतदारयादी उघडायची, क्रमाने नावं घ्यायची आणि टेबलावर बसून फॉर्म भरायचे. काका उजव्या हाताने पुरुष लिहितात आणि डाव्या हाताने म्हातारी माणसं. माझ्याकडे एकवीस अक्षरं आहेत. चष्मा हरवलेला, घाईत असलेली, शाळा अर्ध्यात सोडलेला, शाळामास्तर, नवऱ्याचा फॉर्म स्वतःच भरणारी. दर पंधराव्या फॉर्मवर चहाचा थेंब पाडायचा, म्हणजे तो घरातून आल्यासारखा वाटतो. थेंब पाडण्यात काकांचा हात कोणी धरणार नाही.

आणि यादी जुनी, बारा वर्षांपूर्वीची. नवी यादी आली होती, पण तिचा टाइप बारीक आणि काकांचा चष्मा जाड. शिवाय जुन्या यादीतली माणसं, काकांच्या मते, ओळखीची झाली होती.

तर आम्ही दोन हजार फॉर्म सवयीने 'समाधानी' भरले आणि पाठवले. चौथ्या दिवशी पार्सल जसंच्या तसं परत. वर चिठ्ठी: एवढे सगळे समाधानी असतील तर आपल्याला पाडलं कोणी? खरी माहिती पाठवा. ज्या जिल्ह्याचा अहवाल खोटा निघेल, त्याचं कार्यालय बंद करण्यात येईल.

कार्यालय बंद म्हणजे माझ्या घरची चूल बंद. काका मात्र चिठ्ठी उलटसुलट करून बघत होते.

"खरी म्हणजे किती टक्के खरी?" त्यांनी विचारलं.

तूर्तासनी मुख्यालयाला फोन लावला. बराच वेळ 'हो साहेब, हो साहेब' केलं आणि फोन ठेवला.

"साधारण चाळीस," ते म्हणाले.

मग आम्ही नाराजी लिहायला बसलो. काकांना ते जमेचना. आयुष्यभर समाधान लिहिलेला हात, तो 'किंचित नाखूश' याच्या पुढे सरकेना. मला मात्र सूर सापडला. रस्ते, दिवे, पाणी, दवाखान्यातली रांग... मी सगळ्यांच्या वतीने अशी कडाडले की तिसऱ्या दिवशी मनगट सुजलं. पण पाचशेच्या आसपास माझा राग आटला. दुसऱ्यांचा राग तरी किती आणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा इस्त्री करत होता आणि मी कामाला निघायला उशीर झाला म्हणून एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होते. तो शर्टाच्या कॉलरशी पुटपुटायला लागला. माझ्याशी नाही, कॉलरशीच.

"सव्वीस वर्षं उभा राहिलो. बंद केलं तेव्हा गेटवर कागद लावला. कागदाला मी काय विचारणार? मला काही नको यांच्याकडून. एकदा समोर बसून विचारा की बाबा रे, तू काय करत होतास. एवढंच विचारा."

मग त्याने इस्त्री उभी केली, शर्ट माझ्या हातात दिला आणि पुन्हा गप्प झाला. सात महिन्यांत एका दमात एवढी वाक्यं मी ऐकली नव्हती. खरं सांगते, मी घाबरले आणि चप्पल शोधत राहिले.

कार्यालयात गेल्यावर पुढचा फॉर्म ओढला आणि ते सगळं शब्दन् शब्द उतरवलं. एका ओळीत मावलं नाही, म्हणून समासात लिहिलं, मग पाठीमागे. व्यवसाय: काच कारखाना. एकवीस अक्षरांतलं कुठलंच घेतलं नाही, माझ्याच अक्षरात लिहून गेले. यादीत पुढचं नाव ज्याचं होतं त्याचं नाव वर घातलं आणि पुढच्या फॉर्मकडे वळले.

मुख्यालयाने दोन हजारांतून नेमका तोच निवडला.

पक्षाध्यक्ष स्वतः येणार होते. कॅमेरा घेऊन, त्या मतदाराच्या घरी, 'ऐकायला'. पक्षाने ऐकण्याची मोहीम काढली होती आणि तिचा शुभारंभ आमच्या जिल्ह्यातून होता. तूर्तास आनंदाने लाल झाले. मी आणि काका पत्ता घेऊन त्या घरी गेलो. एक खोली, रस्त्याला लागून, दारात शिलाई मशीन. मशीनवर चाळिशीची एक बाई पँट उसवत बसली होती.

काकांनी मतदाराचं नाव सांगून विचारलं, "आहेत का घरात?"

"बाबा? बाबांना जाऊन आठ वर्षं झाली," ती म्हणाली.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मशीनकडे बघितलं.

"काय काम करायचे ते?" मी विचारलं.

"शिंपी होते. हेच मशीन. का?"

मी तिला फॉर्म दाखवला. काही लपवलं नाही, कारण लपवायला जागाच उरली नव्हती. तिने दोन्ही बाजू वाचल्या.

"म्हणजे मेल्यावर बाबांना कारखान्यात लावलंत?"

"तसं म्हटलं तर," काका नम्रपणे म्हणाले, "गेल्या पाच वर्षांत पक्षाने दिलेली ही एकमेव नोकरी आहे."

ती हसली. हसली म्हणून आम्ही वाचलो. पुढे म्हणाली, "मागच्या वेळी त्यांनी मतदानही केलं होतं म्हणे. मी गेले तर सही आधीच झालेली. बाबा जिवंतपणी कधी एवढे हिंडले नाहीत." मग पुन्हा पँट उसवायला लागली. हल्ली सगळे कपडे आत घ्यायलाच येतात, असंही म्हणाली. सैल करून द्या म्हणणारं एकच गिऱ्हाईक आहे आणि ते म्हणजे आमचे जिल्हाप्रमुख.

तूर्तासना हे कळलं तेव्हा ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ त्यांना 'तूर्तास'ही म्हणता येईना. मुख्यालयाला खरं सांगायचं तर कार्यालय जाणार. ते जाणार, काका जाणार, मी जाणार.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. "शिंपी बारा वर्षांपूर्वी एकोणपन्नासचे होते. आज असते तर एकसष्ट. तुमचे मिस्टर किती?"

"चोपन्न. पण दाढीत सत्तर."

"मग झालं की!"

शिंप्याच्या मुलीने एकच अट घातली. गल्लीतला दिवा चार वर्षं बंद आहे, तो आधी लावा, मग माझ्या बाबांना जिवंत करा. चार वर्षांत तिने अकरा अर्ज केले होते. अकराही माझ्याच फायलीत होते, 'विचाराधीन' शिक्क्याखाली. दिवा दुसऱ्या दिवशी दुपारी लागला. मेलेल्या माणसाने काम करून दाखवलं.

नवऱ्याला मी जेवताना विचारलं. फॉर्मवर काय लिहिलंय ते सांगितलं नाही, सांगायची हिंमत झाली नाही. "अहो, एक तासभर जाऊन बसायचं. साहेब बोलतील, तुम्ही मान हलवायची. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"काम काय होतं त्या माणसाचं?"

"फॉर्मवर काच कारखाना आहे."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाढी केली. सात महिन्यांनी मला त्याची हनुवटी दिसली. एकदम चोपन्नचा दिसायला लागला, पण आता कोण काय करणार?

शिंप्याचा भिंतीवरचा फोटो आम्ही तोंड भिंतीकडे करून टांगला. काकांना गल्लीच्या तोंडाशी उभं केलं. शिंप्याला ओळखणारे शेजारी आत येऊ नयेत म्हणून त्यांच्या हातात कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा दिला. कोणी आला की सर्व्हे करत बसा, असं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा काका जिवंत मतदाराला प्रश्न विचारणार होते. त्यांनी खिशाला दोन पेनं लावली, एक डाव्या हाताचं आणि एक उजव्या.

पक्षाध्यक्ष साहेब आले. उंच, पांढरेशुभ्र, अत्तराचा वास. बरोबर कॅमेरावाला आणि डायरी घेतलेला एक मदतनीस. साहेब खुर्चीत बसले, समोर स्टुलावर माझा नवरा. मी दाराशी, तूर्तास माझ्या मागे, शिंप्याची मुलगी मशीनपाशी. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि साहेबांनी फॉर्म उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"सव्वीस वर्षं उभा राहिलो. बंद केलं तेव्हा गेटवर कागद लावला. कागदाला मी काय विचारणार?"

नवऱ्याची मान हलली नाही. ती वळली, माझ्याकडे. मी नजर टाळली नाही, पण कशी टिकवली ते माझं मला माहीत. त्याला समजलं होतं. त्या सकाळी मी नुसती चप्पल शोधत नव्हते, हे त्याला आत्ता समजलं होतं.

"एकदा समोर बसून विचारा की बाबा रे, तू काय करत होतास," साहेबांनी वाचून संपवलं. फॉर्म छातीशी धरला. "वा! किती साधी मागणी आहे ही!"

आणि मग ते स्वतःबद्दल बोलायला लागले. त्यांचं बालपण, त्यांचे कष्ट, पायी तुडवलेली शाळेची वाट. ती वाट दर भाषणात एक-दोन किलोमीटर वाढते, ती त्या दिवशी नऊवर गेली. चाळीस मिनिटं ते बोलले. मोहीम ऐकण्याची होती, याची आठवण करून द्यायची कोणाची छाती होती? शेवटी घड्याळ बघून उठले.

"बसा," नवरा म्हणाला.

साहेब अर्धवट उठलेले, तसेच थांबले.

"तुम्ही आत्ता वाचलंत ना? विचारा म्हणून लिहिलंय त्यात. तुम्ही विचारलं नाही."

साहेब बसले. कॅमेरा चालू होता, दुसरं करणार काय? "बरोबर. विचारतो. काय करत होतात तुम्ही?"

आणि माझा नवरा बोलायला लागला. भट्टीच्या रंगावरून उष्णता कशी ओळखायची. पिवळा कुठला, नारिंगी कुठला, आणि नवख्याला दोन्ही एकच कसे दिसतात. वितळलेल्या काचेचा थेंब किती वजनाचा पडला ते त्याच्या आवाजावरून कसं कळतं. मशीन बिघडलं की इंजिनियरच्या आधी त्याला बोलवायचे. तो हातांनी दाखवत होता. ते हात सात महिने फक्त इस्त्री धरत होते. मला रडू येत होतं आणि मी ते दाबलंही नाही.

"बाटली हळूहळू थंड करावी लागते," तो म्हणाला. "घाई केली तर बाहेरून चांगली दिसते, पण आत ताण राहतो. दिसत नाही. मग तीन दिवसांनी, कोणी हात लावलेला नसताना, कपाटात ठेवल्या जागी फुटते."

साहेबांचे डोळे चमकले. मदतनिसाकडे वळून ते म्हणाले, "हे लिहून घे. आत ताण राहतो. जनतेच्या मनात... फार छान आहे. पुढच्या सभेला."

"मी बाटलीबद्दल बोलतोय," नवरा म्हणाला.

"हो हो, तेच."

"तेच नाही. बाटलीबद्दल."

मदतनिसाने पेन वर उचललं आणि साहेबांकडे बघितलं. साहेब जरा वरमले. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "फुटणारी आधी ओळखता येते का?" मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी विचारलेला हा एकच खरा प्रश्न. नवऱ्याने त्यालाही नीट उत्तर दिलं. येते, म्हणाला, पण उजेडासमोर धरून एकेक बघावी लागते आणि त्याला वेळ जातो.

सगळं छान चाललं होतं. कॅमेरावाल्याने मध्येच डोकं बाहेर काढलं. "आजोबा, शेवटी फक्त नाव सांगा तुमचं. कॅमेऱ्यात बघून."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. माझी नोकरी, आमचं घर, तूर्तास, काका, सगळं त्या एका नावावर लटकलेलं. त्याने कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि शिंप्याचं पूर्ण नाव सांगितलं. स्पष्ट, खणखणीत, एकदाही न अडखळता.

सात महिन्यांनी तो पहिल्यांदा स्वतःसारखा बोलला होता. आणि त्या सगळ्याखाली सही कोणाची, तर मेलेल्या माणसाची. माझ्यासाठी.

एकवीस अक्षरांत मी दोन हजार लोकांच्या वतीने खोटं लिहिलं होतं, तेव्हा मला काही झालं नव्हतं. हे मला सहन झालं नाही.

"ते शिंपी नाहीत," मी म्हणाले. "ते माझे मिस्टर आहेत. फॉर्म मी लिहिलाय. सगळे फॉर्म आम्हीच लिहितो."

तूर्तासनी डोळे मिटले. साहेब आधी माझ्याकडे, मग नवऱ्याकडे, मग जिल्हाप्रमुखांकडे बघत राहिले.

"मग शिंपी कुठे आहेत?"

शिंप्याची मुलगी उठली आणि तिने फोटो सरळ केला. साहेबांनी सवयीने फोटोकडे बघून हसून हात हलवला आणि मग तो हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

कार्यालय बंद झालं नाही. साहेबांचा पहिला कार्यक्रम एका मेलेल्या माणसाबरोबर झाला, ही बातमी बाहेर जाऊ द्यायची नव्हती. पण कोणीतरी जायलाच हवं होतं. मला काढल्याचं पत्र कोणाला नीट लिहिता येईना, म्हणून तूर्तासनी मलाच लिहायला सांगितलं. मी शाळामास्तरांच्या अक्षरात लिहिलं, 'घरगुती कारणास्तव' घातलं आणि सही त्यांची केली. तीही मला येते. आता मी शिंप्याच्या मुलीकडे बसते आणि कपडे आत घेते. नवरा आजूबाजूच्या घरांच्या खिडक्यांना काचा बसवून देतो, अधूनमधून. खूप नाही. पण बोलतो, कधीकधी नको इतका. काल पिवळ्या आणि नारिंगी रंगावरून मला पाऊण तास धरून ठेवलं होतं.

मागच्या आठवड्यात काका आमच्या घरी आले. नवा सर्व्हे आहे. माझ्याशिवाय अक्षरं पुरेनात म्हणून मुख्यालयाने त्यांना खरोखरच घरोघरी धाडलंय. तीन जिने चढून ते धापा टाकत बसले. म्हणाले, "अगं, लोक बोलतात! थांबतच नाहीत! एकाने तर मला जेवायला बसवून शिव्या दिल्या."

मग त्यांनी फॉर्म काढला आणि नवऱ्याला विचारलं, "पक्षाकडून आपली अपेक्षा?" आणि उजव्या हातात पेन धरून तयार राहिले.

नवऱ्याने ते पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"एकच ओळ आहे," काका म्हणाले.

"कागद असेल जास्तीचा?"

काकांनी पिशवीतून कोरे कागद काढून दिले. नवरा खिडकीपाशी पाठमोरा बसून लिहायला लागला. सगळ्यात आधी वर आपलं नाव लिहिलं असणार, कारण तिथे त्याने पेन जरा जास्तच दाबलं. पुढे काय लिहितोय ते मला दिसत नव्हतं. मी उठून बघितलंही नाही. काकांसाठी चहा टाकला. काकांनी कप हातात घेतला, सवयीने फॉर्मच्या दिशेने एकदा झुकवला आणि मग काय वाटलं कोण जाणे, सरळ करून पिऊन टाकला.